एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की तेवढी रक्कम बाजूला ठेवावी?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मी 2023 च्या दिवाळीत टर्बो-पेट्रोल इंजिनाची आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. मूळ वॉरंटी 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटर अशी होती आणि येत्या दिवाळीला तिची मुदत संपेल. गाडी आतापर्यंत सुमारे 42 हजार किलोमीटर चालली आहे. सांगलीतला वापर मोजकाच आहे. मुलगी हिंजवडीत नोकरीला असल्यामुळे बरेचसे चालणे पुण्याच्या फेऱ्यांमध्ये होते. आजवर गाडीने कोणताही मोठा त्रास दिलेला नाही आणि सगळी सर्व्हिसिंग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच झालेली आहे.

शोरूमकडून आता दोन प्रस्ताव आले आहेत. पहिला कंपनीच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचा आहे: चौथे आणि पाचवे वर्ष, एकूण 1 लाख 20 हजार किलोमीटरची मर्यादा, जीएसटी धरून 31 हजार रुपये. दुसरा त्यांच्याच एका ‘केअर पॅकेज’चा असून त्याच दोन वर्षांसाठी 19 हजार रुपये सांगितले आहेत. दोन्हींमध्ये काहीच फरक नाही, असे तेथील प्रतिनिधींचे म्हणणे आहे.

माझ्या भावाची साधी पेट्रोल मॅन्युअल गाडी कोणत्याही वॉरंटीशिवाय बरीच वर्षे चालली, म्हणून तो हे पैसे वाया जातील असे सांगतो. गावातील मेकॅनिकचेही मत तसेच आहे. माझ्याकडे झिरो डेप्रिसिएशन (भरपाईतून भागांच्या जुनेपणाची कपात न होण्याची सोय) आणि इंजिन प्रोटेक्शनसह पूर्ण विमा आहे. तो असताना वॉरंटीची वेगळी गरज उरते का? गाडी आणखी चार वर्षे तरी ठेवायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वर्कशॉप, पुणे

नमस्कार. मी बरीच वर्षे अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस विभागाचे काम पाहिले, त्यामुळे सुरुवात गिअरबॉक्सपासून करतो. तुमच्या निर्णयाचा निम्म्याहून अधिक भार त्याच्यावरच आहे.

तुमच्या भावाचा अनुभव खरा आहे, परंतु तो वेगळ्या यंत्राचा आहे. टर्बो नसलेले इंजिन आणि हाताने बदलायचा गिअर अशा गाडीत चौथ्या-पाचव्या वर्षी जे खर्च येतात, त्यांतील बहुतेक झिजेचे असतात: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, टायर. हे भाग कोणत्याही एक्स्टेंडेड वॉरंटीत सहसा धरलेलेच नसतात. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाने वॉरंटी घेतली नाही तरी त्याचे फारसे बिघडत नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये मात्र दोन क्लच, ते दाबणारी आणि सोडणारी यंत्रणा आणि तिला आज्ञा देणारे इलेक्ट्रॉनिक युनिट असा संच असतो. या युनिटमध्ये बिघाड झाला, तर अनेकदा दुरुस्ती न करता सबंध भाग बदलावा लागतो आणि मजुरीसह बिल लाखाच्या पुढे जाऊ शकते. टर्बोचार्जर, इलेक्ट्रिक स्टीअरिंगचा रॅक, एसी कॉम्प्रेसर आणि मोठ्या स्क्रीनचे इन्फोटेनमेंट युनिट हे त्याखालोखालचे महागडे भाग. तुमच्या गाडीत हे सगळे आहे.

घाटाची काळजी अनेकजण करतात, पण ड्राय क्लच (तेलात न बुडवलेला क्लच) प्रकारच्या गिअरबॉक्सला खंबाटकी घाटापेक्षा हिंजवडीची संध्याकाळ अधिक जड जाते. वाहत्या रहदारीत क्लच पूर्ण जुळलेला असतो. रांगेत इंच-इंच सरकताना तो सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो. चढावर गाडी थांबवायची असेल तर ती ब्रेकवर धरावी, अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये. समोरच्या वाहनामागे फूट-फूट सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम पुढे जावे. वॉरंटी घेतली तरी आणि घेतली नाही तरी हे पाळाच.

आता विम्याविषयी. अपघात, चोरी, आग, पूर, झाड पडणे ही विम्याची बाजू. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि नेहमीची झीज हे मोटार विमा पॉलिसीत स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. इंजिन प्रोटेक्शन हे प्रामुख्याने इंजिनात पाणी शिरणे किंवा खालून मार लागून ऑइल गळणे अशा प्रसंगांसाठी आहे. उलट, पुराच्या पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. सांगलीच्या माणसाला 2019 च्या पुरानंतर हे वेगळे सांगायला नको. गिअरबॉक्सचे युनिट एखाद्या सकाळी आपोआप बंद पडले, तर तुमचा कितीही चांगला विमा त्यात काही करू शकणार नाही. विमा आणि वॉरंटी ही दोन वेगवेगळ्या संकटांची सोय आहे आणि एक असल्याने दुसरी अनावश्यक ठरत नाही.

माझे मत असे की, तुमच्यासारख्या गाडीसाठी कंपनीची वॉरंटी घ्यावी. मात्र पैसे भरण्यापूर्वी अटींचे छापील पत्रक मागून घ्या आणि त्यात ड्युअल क्लचचा क्लच पॅक, म्हणजे दोन्ही क्लचचा संच, कोणत्या रकान्यात आहे ते पाहा. काही योजनांमध्ये तो झिजेचा भाग म्हणून वगळलेला असतो, तर काहींमध्ये उत्पादनदोष असल्यास धरलेला असतो. नियंत्रण युनिट धरले आहे का, हेही वेगळे विचारा. उत्तर तोंडी नको, ई-मेलवर घ्या.

हिशेबनीस, ठाणे

वरील तांत्रिक माहिती मोलाची आहे. मी त्याला केवळ आकड्यांची जोड देतो, कारण ‘मनःशांती’ या शब्दावर ही विक्री होते आणि शांतीची किंमत कोणी मोजत नाही.

31 हजार रुपये भरून दोन वर्षांचे संरक्षण मिळते. समजा तुम्हाला भीती आहे ती दीड लाखाच्या गिअरबॉक्स दुरुस्तीची. तर तुमच्यासारख्या प्रत्येक पाच मालकांपैकी साधारण एकाला या दोन वर्षांत तो खर्च आला, तरच ही किंमत सरासरीने वसूल होते. लहान दुरुस्त्या धरल्या तर हे प्रमाण थोडे खाली येईल. पण कंपनी आपला नफा आणि डीलरचे कमिशन धरूनच किंमत ठरवते, त्यामुळे सर्व ग्राहकांचा एकत्र विचार केला तर ते जेवढे भरतात तेवढे परत मिळत नाही.

म्हणून मी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारीन. उद्या अचानक दीड लाखाचे बिल समोर आले, तर ते तुम्ही मुदत ठेव न मोडता आणि कर्ज न काढता देऊ शकाल का? देऊ शकत असाल, तर 31 हजार स्वतंत्र खात्यात ठेवणे हा पूर्णपणे समंजस निर्णय आहे. काही झाले नाही तर ती रक्कम व्याजासह तुमचीच राहते. देऊ शकत नसाल, तर वॉरंटी घ्या, कारण तेव्हा तुम्ही सरासरीचा नव्हे तर वाईटात वाईट प्रसंगाचा विचार करत असता, आणि तो करणे योग्यच आहे.

किलोमीटरची मर्यादाही तपासून पाहावी. तुमचा वेग महिन्याला 1,200 ते 1,300 किलोमीटर दिसतो. पाच वर्षांत तुम्ही 80 हजारांच्या आतच राहाल, म्हणजे दोन्ही वर्षांचा पूर्ण उपयोग मिळेल. महिन्याला 3,000 किलोमीटर चालवणाऱ्याची मूळ वॉरंटी 33 महिन्यांतच संपते आणि 1 लाख 20 हजारांची मर्यादा 40 व्या महिन्यात गाठली जाते. त्याने हीच रक्कम भरली तर त्याच्या पदरात जेमतेम सात महिने पडतात. विकताना दोघांनाही ‘दोन वर्षे’ असेच सांगितले जाते, याचे मला वाईट वाटते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक नोंद. बाजारातील मूळ वॉरंटीच आता वाढत आहे. मारुती सुझुकीची मूळ वॉरंटी 2 वर्षे किंवा 40 हजार किलोमीटर होती, ती जुलै 2024 पासून 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटर झाली. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे ‘तिसऱ्या वर्षाची वॉरंटी घ्याच’ हे सल्ले आजच्या नव्या गाडीला तसेच्या तसे लावू नयेत.

कृष्णाकाठ, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रस्तावांची पत्रके मागवून शांतपणे वाचली आणि काही गोष्टी प्रथमच लक्षात आल्या.

31 हजारांच्या योजनेत वॉरंटी देणारी म्हणून स्वतः वाहन कंपनीचे नाव आहे. गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट, टर्बो, स्टीअरिंग रॅक आणि एसी कॉम्प्रेसर धरलेले आहेत. क्लच पॅकविषयी पत्रकात स्पष्ट उल्लेख नव्हता. ई-मेल केल्यावर ‘झीज वगळता उत्पादनदोषासाठी ग्राह्य’ असे उत्तर मिळाले आहे.

19 हजारांच्या पॅकेजमध्ये कंपनीचे नाव कुठेही नाही. ते डीलरने एका बाहेरच्या संस्थेमार्फत दिलेले आहे. दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 75 हजार रुपयांची भरपाई, तीही आधी ग्राहकाने बिल भरायचे आणि नंतर परतावा मागायचा, अशी अट आहे. शिवाय वगळलेल्या भागांच्या यादीत ‘इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट’ असे शब्द आहेत.

वकिली क्षेत्रातील कोणी असल्यास एक शंका आहे. माझ्या मेकॅनिकचे म्हणणे असे की, मध्ये एकदा जरी त्याच्याकडे ऑइल बदलले तरी कंपनी वॉरंटी रद्द करते, म्हणजे दोन वर्षे आपण सर्व्हिस सेंटरला बांधले जातो. हे कायद्याने योग्य आहे का?

ग्राहक-बाजू, नाशिक

मी ग्राहक आयोगापुढील प्रकरणे चालवतो, म्हणून या शेवटच्या शंकेपुरते लिहितो.

भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 वाहन कंपन्यांविरुद्ध सुट्या भागांच्या प्रश्नावर एक महत्त्वाचा आदेश दिला. मोठ्या दंडासाठी तो गाजला. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने त्यातील एक निर्देश अधिक मोलाचा आहे. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजची सेवा घेतली एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी रद्द होईल अशी सरसकट अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरील सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थितीने ते खरोखर समर्थनीय ठरत असेल तरच वॉरंटी नाकारता येईल, अशी त्याची भूमिका होती. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर कोणी निष्काळजी राहू नये. तरीही बाहेर वायपर किंवा टायर बदलल्यामुळे गिअरबॉक्सचा दावा नाकारणे हे तर्काला धरून नाही, हे तुम्ही ठामपणे मांडू शकता.

व्यवहारात मात्र तुम्हाला कायद्यापेक्षा कागद आधी वाचवतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात टर्बोचा दावा नाकारण्यात आला होता, कारण मालकाने एक सर्व्हिसिंग ठरलेल्या मुदतीनंतर केले होते. उशीर आणि बिघाड यांचा संबंध होता की नाही, हा वाद बराच लांबला. मुळात तो उशीर नसता तर वादाला जागाच उरली नसती. म्हणून सर्व्हिसिंग महिने आणि किलोमीटर यांपैकी जे आधी होईल त्यानुसार करावे आणि प्रत्येक वेळी जॉब कार्ड (तक्रार आणि कामाची नोंद असलेला सर्व्हिस सेंटरचा कागद) व कराचे बिल जपून ठेवावे. जी तक्रार सांगितली ती सल्लागाराने जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहिली आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. ‘पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धक्का देते’ ही तक्रार वॉरंटीच्या काळात लेखी नोंदली गेली आणि पुढे तोच भाग निकामी झाला, तर ती नोंद तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते. ‘जनरल चेक-अप’ एवढेच लिहिले असेल तर काहीच सिद्ध करता येत नाही.

बाहेरून लावलेल्या वस्तूंविषयीही सावध राहा. वायर कापून बसवलेला हॉर्न, जास्त वॅटचे दिवे, बाहेरचे सीएनजी किट यांवरून विद्युत भागांचे दावे नाकारले जातात. उंदरांनी वायरिंग कुरतडल्याचे नुकसानही सहसा वॉरंटीत धरले जात नाही. त्यासाठी विम्याकडे जावे लागते. इंधनाविषयी विचारलेले नाही, तरी सांगतो: तुमची गाडी 1 एप्रिल 2023 नंतर बनलेली असेल तर तिचे भाग 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालतील असे असणे अपेक्षित आहे. मालकाच्या पुस्तिकेतील इंधनाचे पान एकदा पाहून घ्या आणि इंधनाची बिले शक्य तेवढी ठेवा, कारण भेसळयुक्त इंधनाचे नुकसान वॉरंटीतून वगळलेले असते आणि असा आरोप झाला तर उत्तर द्यायला हाताशी काहीतरी हवे.

दावा अन्यायाने नाकारला गेलाच, तर आधी कारण लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. काही प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातील आयोगात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय कुठेही असले तरी तुम्हाला सांगलीबाहेर धावावे लागत नाही. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, ती चुकवू नये. तांत्रिक दोष सिद्ध करण्यासाठी अनेकदा तज्ज्ञाच्या अहवालाची गरज लागते, त्यामुळे निकामी झालेला भाग बदलण्यापूर्वी त्याची छायाचित्रे आणि स्कॅनरवरील फॉल्ट कोडची छापील प्रत मागून घ्या. जुना भाग एकदा कंपनीकडे परत गेला की तो पुन्हा पाहायला मिळणे कठीण.

19 हजारांच्या पॅकेजविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्या करारात जबाबदार पक्ष कोण हे शोधावे लागते, तो करार स्वस्त नसतो. डीलरशिप बंद झाली किंवा तिने कंपनी बदलली, तर तुम्ही दाद कोणाकडे मागणार?

हिशेबनीस, ठाणे

नवी माहिती पाहता माझा हिशेब आणखी सोपा झाला. ज्या दीड लाखाच्या भीतीने हा विचार सुरू झाला, त्यातील निम्मेच पैसे स्वस्त पॅकेज देते, आणि ज्या भागासाठी ती भीती आहे तोच भाग वगळते. ते 19 हजार मी निश्चितच भरणार नाही. आता निवड 31 हजारांची वॉरंटी किंवा स्वतःचा राखीव निधी एवढीच उरते.

किनारपट्टी, रत्नागिरी

एका मुद्द्याची भर घालतो. मी मागील वर्षी जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्यावर कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक होती आणि ती माझ्या नावावर करून मिळाली. त्यासाठी हस्तांतराचा अर्ज, नवे आरसी आणि थोडे शुल्क लागले. अशी वॉरंटी असलेल्या ऑटोमॅटिक गाडीसाठी मी थोडी अधिक किंमत आनंदाने दिली. काही योजनांमध्ये मालकी बदलली की वॉरंटी संपते, म्हणून कृष्णाकाठ यांनी पत्रकात हस्तांतराचे कलम आहे का ते पाहावे. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत गंजाचा प्रश्न मोठा असतो, आणि गंज जवळपास कोणत्याही एक्स्टेंडेड वॉरंटीत धरला जात नाही, हेही किनाऱ्यावरच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

कृष्णाकाठ, सांगली

हस्तांतराचे कलम आहे आणि ते एकदाच वापरता येते. घरी चर्चा केली. दीड लाखाचे बिल आले तर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागेल, म्हणून कंपनीची वॉरंटी घेण्याचे ठरले आहे. शेवटचा प्रश्न एवढाच: मुदत दिवाळीला संपते, तर आताच पैसे भरावेत की शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबावे? थांबल्यास काही सवलत मिळेल का?

वर्कशॉप, पुणे

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. खरेदीपासून जितका उशीर होतो तितकी किंमत वाढते, असे टप्पे बहुतेक कंपन्यांनी ठरवलेले असतात. मूळ वॉरंटी एकदा संपली की काही ठिकाणी योजना मिळतच नाही, तर काही ठिकाणी गाडीची तपासणी करून आणि अधिक रक्कम घेऊन मिळते. मूळ वॉरंटीची मुदत गाडी ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, त्यामुळे तुमच्या बिलावरची तारीख पाहा, सणावर जाऊ नका.

सवलत मागायला हरकत नाही. 31 हजार हा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावरील दराशी जुळतो का ते पाहा आणि पुण्यातील एखाद्या अधिकृत डीलरकडेही विचारा. कंपनीची वॉरंटी कोणत्याही अधिकृत डीलरकडून घेता येते आणि ती देशभर चालते. पैसे भरल्यावर प्रमाणपत्रावर चेसिस क्रमांक, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि किलोमीटरची मर्यादा बरोबर छापली आहे ना, हे काउंटरवरच तपासा. नंतर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा कस्टमर केअरला फोन करून तुमच्या गाडीच्या नावावर वॉरंटी नोंदली गेल्याची खात्री करा. डीलरने पैसे घेतले पण कंपनीकडे नोंद केलीच नाही, असे प्रकार मी पाहिले आहेत आणि ते नेमके दाव्याच्या दिवशी उघडकीस येतात.

आणखी एक काम वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी करा. गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन गिअरबॉक्सचे स्कॅनिंग करून घ्या, थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत सल्लागाराला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा, आणि थोडाही धक्का किंवा आवाज जाणवला तर तो जॉब कार्डवर नोंदवा. मूळ वॉरंटीत जे मिळते त्यातील काही भाग एक्स्टेंडेड वॉरंटीत नसतात, म्हणून जे दुरुस्त होण्याजोगे आहे ते तिसऱ्या वर्षातच करून घेणे तुमच्या हिताचे आहे. त्या वेळी टर्बोच्या पाइपांची गळती आणि स्टीअरिंगमधील खडखडही तपासायला सांगा.